जाळीवरचा हार

प्रिय ड्रायव्हरसाहेब,

मायाप्पाकरवी तुमचा निरोप पोचला. तो बिचारा मेंढरं बाजारात सोडून थेट आमच्या अंगणात आला आणि चहाचा कप हातात घेण्याआधीच सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. डॉक्टरीणबाई आता अकलूजलाच राहायला जाताहेत, स्वतःची नवी गाडी घेताहेत, तिच्यावर त्यांना तुम्हीच हवेत, अकलूजला दवाखान्याच्या मागं राहायला दोन खोल्या देताहेत. आणि सगळ्यात शेवटी तुमचं वाक्य, "ती न्हाय म्हणाली तर न्हाय." आई म्हणते, बायकोला विचारणारा नवरा मिळायला नशीब लागतं. आईला वाटतंय, मी दिवाळीआधी चार दिवस विसाव्याला आले आहे. मी रुसून आले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कशावर रुसले, ते तुम्हालाही धड ठाऊक नसावं. म्हणून होय की नाही ते सांगण्याआधी बाकीचं सांगते. सवडीनं वाचा.

मला त्या बाईंचा हेवा वाटतो. लिहून टाकलं, बरं वाटलं. दर गुरुवारी तुमच्या शेठच्या भाड्याच्या जुन्या अँबॅसिडरमधून तुम्ही त्यांना अकलूजला नेता, आणि दुसऱ्या दिवशी भवानी पेठेतल्या आपल्या खोलीत ताटावर बसलात की बाईंच्याच गोष्टी. बाईंना मागं बसलं की मळमळतं, म्हणून त्या पुढं बसतात. बाईंनी करकंबच्या बाजारात वांगी घेतली. बाई म्हणाल्या, आमटीत गूळ कमी असावा. लग्न झाल्यापासून माझ्या आमटीत गूळ आहे आणि तुम्ही ती भुरके मारून खात आलात, तो गूळ एकाएकी जास्त झाला. आणि बाई तुम्हाला नावानं हाक मारतात. मी तुमचं नाव घेतलं ते उखाण्यात, तेही चारचौघींनी आग्रह केल्यावर. त्यांच्या तोंडी ते दिवसातून कितीदा येत असेल, याचा हिशेब मी पोळ्या लाटताना करत बसायची.

हेवा त्या गाडीचाही होता. सकाळी चूळ भरण्याआधी तुम्ही तिच्याकडे जाता. बॉनेटला उलटा हात लावून बघता, पोराच्या कपाळाला लावावा तसा. उन्हाळ्यात मला ताप भरला होता तेव्हा तुम्ही उंबऱ्यातूनच विचारलंत, "बरं हाय न्हवं?" आणि पंपावर गेलात. परत आलात ते हवा भरून, माझ्यासाठी मोसंबी घेऊन. मोसंबी गोड होती, ते नाकारत नाही. पण हात लावून बघितलं नाहीत.

म्हणून खंडेनवमीचा हार मी तसा केला. इतर बायका बॉनेटवर एक सर टाकतात. मी झेंडू आणि शेवंतीची अशी जाड गुंफण केली की पुढची सगळी जाळी झाकून गेली, मधे आंब्याची पानं, कडेला आपट्याची. तुम्ही म्हणालात, लई भारी झालाय. मला तुमचं कौतुक नको होतं. गुरुवारी गाडीत बसायला घराची पायरी उतरताना त्या बाईंना लांबूनच दिसावं, या गाडीला घर आहे आणि घरात कोणी आहे. ते त्यांच्या तोंडावर कसं उमटतं ते बघायला मी सोबत आले. अकलूजची मावशी हे निमित्त होतं. मावशी त्या दिवशी गावात नव्हती, हे मला आधीच माहीत होतं.

त्या पुढं बसल्या, मी मागं, त्यांची पेशंट असल्यासारखी. मोहोळ गाव मागं पडलं आणि गंजक्या तापल्या लोखंडाचा वास आला. तुम्ही नाक वर केलंत, तेवढ्यात त्या इंजिनाच्या तापाचा काटा दाखवत म्हणाल्या, "सोमलिंग, काटा." नाव लिहितानाही माझा हात अडखळला बघा. तुम्ही गाडी लिंबाखाली घेतलीत, बॉनेट उघडलंत आणि डब्यातलं पाणी पुरायचं नाही म्हणून दुसरा डबा घेऊन विहिरीकडे गेलात. बाईंनी पुढं जाऊन बघितलं. मग हाराच्या गाठी सोडू लागल्या. तेव्हा मला उमगलं. जाळीतून इंजिनाला लागणारा वारा माझ्या फुलांनी अडवला होता.

लाजेनं मला काही सुचेना. निदान पाणी तरी आपण घालावं म्हणून मी पदर हाताला गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे गेले. बाईंनी माझं मनगट धरलं. तुम्ही विहिरीकडून धावत आलात आणि मला दोन शब्द बोललात. त्या शब्दांकडे शेवटी येते.

मग तुम्ही दोघांनी जे केलं, ते मी लिंबाला टेकून बघितलं. गाडी निवेपर्यंत तुम्ही दोघंही स्वस्थ बसलात. मग तुम्ही नुसता हात मागं केलात आणि बाईंनी त्यात ओलं फडकं ठेवलं. तुम्ही झाकण जरासं फिरवलंत, वाफ फुसफुसून गेली, मग पुरतं काढलंत. बाई आत बसून इंजिन चालू करतात, तुम्ही पाण्याची बारीक धार धरता. कोणाला काही सांगावं लागलं नाही. माझ्या मनात कधी भलतं आलं असेल तर ते तिथंच गेलं, कारण तुमच्यात लपवण्यासारखं काही असतं तर माझ्यासमोर तुम्ही इतके मोकळे राहिला नसतात. पण हेवा गेला नाही, उलट वाढला. असं न बोलता काम आपण दोघांनी कधी केलंय, ते मी अजून आठवते आहे.

तो हार बाईंनी टाकू दिला नाही. "इतकी मेहनत घेतलीय," म्हणाल्या आणि अकलूजला दवाखान्याच्या दारावर लावला. चांगुलपणाच असेल. तरी माझा हार त्यांच्या दारावर बघून मला रडू आलं, आणि दुसऱ्या दिवशी मी माहेरची एसटी धरली.

आता उत्तर. हे पत्र मी 'नाही' लिहायला घेतलं होतं. पण तुम्ही नोकरी घ्या. मी अकलूजला येते, त्या खोल्यांत राहते, बाईंना गूळ घातलेली आमटीही खाऊ घालते. लिंबाखाली तुम्ही मला "बाजूला हो" म्हणालात. भाजलं असतं म्हणून म्हणालात, हे कळतं मला. पण त्यांच्याकडे फडक्यासाठी हात केलात आणि मला बाजूला केलंत, ते अजून मनातून जात नाही. तेवढे दोन शब्द परत घ्या. झाकण केव्हा उघडायचं, किती फिरवायचं, मला शिकवा. रविवारी शेठची गाडी मागून मला घ्यायला या. हार करून ठेवते, या वेळी मागच्या काचेला बांधू. मी पुढं बसेन. काटा चढला तर हात मागं करा, फडकं मी देईन.

तुमचीच,
दानम्मा