क्लच कोणी जाळला?

३ मार्च

गाडी बंद पडली! भर चौकात. सिग्नल हिरवा झाला आणि जागची हलेना. इंजिन ओरडतंय, चाकं ढिम्म, वर जळका वास. मागून हॉर्नचा नुसता भडिमार. शेवटी दोघा-तिघांनी ढकलून कडेला लावली. नातीची शाळा बुडाली. तिला त्याचाच आनंद – 'आजोबा, उद्या पण बंद पाडा ना!'

गाडी जेमतेम दीड वर्षाची. वॉरंटी तीन वर्षांची. त्यामुळे मी निवांत आहे.

५ मार्च

निवांत कसला! वर्कशॉपच्या काउंटरवरचा टायवाला म्हणतो, क्लच प्लेट जळलीय आणि क्लच वॉरंटीत येत नाही. 'काका, इंजिन येतं, गिअरबॉक्स येतो. क्लच चालवणाऱ्याच्या पायावर असतो.'

माझ्या पायावर! मी गाडी चालवायला लागलो तेव्हा हा पाळण्यात असेल. वर मऊ आवाजात विचारतो, 'घरात कोणी नवीन शिकतंय का?' दिवसभर घरात आम्ही दोघं. लेक-जावई भल्या सकाळी कामाला जातात, दोघांनाही गाडी येत नाही, म्हणून तर नातीला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे. आणि हिला? हिला साधी सायकल येत नाही. 'माझ्याशिवाय त्या गाडीला कोणी हात लावत नाही,' असं ठणकावून सांगितलं. वॉरंटीच्या अर्जात तसं लिहूनही दिलं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता हिची सुरी भाजीवर थांबली. म्हणते, 'जाऊ द्या ना. देऊन टाका पैसे.' ही! जी भाजीवाल्याकडून चार मिरच्या जास्तीच्या घेतल्याशिवाय पाऊल उचलत नाही, ती म्हणते देऊन टाका!

मी सोडणार नाही. पैशाचं एक वेळ राहू दे. मला गाडी चालवता येत नाही, हे मी ऐकून घ्यायचं?

६ मार्च

टायवाल्याचा फोन. 'डाव्या बाजूला बरेच ओरखडे आहेत काका, रंग मारून देऊ?' म्हटलं, आधी क्लचचं बोला.

ते ओरखडे शेजारच्या गृहस्थांचे. गाडी लावताना बघत नाहीत. त्यांना सुनवायला जिना उतरलो आणि अर्ध्यावर थांबलो. त्यांची गाडी तर माझ्या उजवीकडे असते. डावीकडे भिंत आहे.

मग?

८ मार्च

एकेक आठवतंय. मध्यंतरी सीट सारखी पुढे सरकलेली असायची. बसलो की गुडघे स्टिअरिंगला. आरसाही खाली वाकलेला. तेव्हा गाडी पुसणाऱ्याला झापलं होतं. आज पुन्हा विचारलं. तो म्हणाला, 'मी बाहेरून पुसतो साहेब. किल्ली कुठाय माझ्याकडे?'

खरंच की. किल्ली खुंटीला असते. मग दुपारी मी झोपल्यावर भुतं फिरवतात की काय गाडी?

हिला विचारणार होतो, पण ही निघाली होती वरच्या नर्सबाईंकडे. विणकाम शिकते तिथे. थंडी आली, थंडी गेली, अजून एक मोजा दिसलेला नाही. लोकर तरी आणली का, देव जाणे.

१० मार्च

नातीला टॅक्सीने सोडलं. ही बरोबर होतीच, हल्ली रोजच येते. गंमत म्हणजे टॅक्सीत अख्खा वेळ गप्प. मी चालवत असलो की शेजारी बसून धावतं समालोचन – 'डावीकडे सायकल आहे हं', 'डावीकडे कुत्रा', 'अहो, डावीकडे बाई थांबलीय'. मी एकदा चिडून म्हणालोही होतो, आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली, सुटलेला अनुस्वार मला हातभरावरून दिसायचा, मला सायकल दिसणार नाही?

तेव्हा ही खिडकीबाहेर बघत बसली होती. आज टॅक्सीवाल्याला मात्र एक शब्द नाही. त्याचं कौतुक आणि आमच्यावर अविश्वास!

११ मार्च

वर्कशॉपात आवाज चढवला. चहा आला, मॅनेजर आला. मी म्हटलं, पायावर आहे ना? मग माझा पाय बघा! शेजारी माणूस बसवा, मी चालवून दाखवतो. चूक काढलीत तर मुकाट पैसे भरीन. मॅनेजर हसला, पण कबूल झाला. पाय चांगला निघाला तर कंपनीला शिफारस करतो म्हणाला. उद्या फोरमन शेजारी बसणार, तसल्याच दुसऱ्या गाडीत.

हिला सांगितलं. तोंडचं पाणी पळाल्यासारखी बघत राहिली. 'नका हो जाऊ,' म्हणाली. दोनदा म्हणाली. जिंकायला निघालेल्या माणसाला बायको असं का म्हणते?

१२ मार्च

काही कळेनासं झालंय. घडलं तसं लिहून काढतो.

चढावर गाडी थांबवली, उचलली, केसभरही मागे सरकली नाही. गिअर लोण्यासारखे पडले. फोरमन जाडजूड, बोलका माणूस, मांडीवर थाप मारून म्हणाला, 'काका, पाय झकास आहे! हा क्लच तुम्ही जाळलेलाच नाही!' मी फुललो. डावीकडे वळायला घेतलं आणि तो एकदम ओरडला, स्टिअरिंगवर झडप घातली. गाडी थांबली.

एक पोरगी सायकलसकट रस्त्यात उभी. पांढरीफटक. दप्तर पाठीवर, नातीएवढीच.

'काका, दिसली नाही?' दिसली नाही. नव्हतीच ती तिथे. फोरमन उतरून माझ्या बाजूला आला आणि गाडी त्याने परत आणली. मॅनेजरला म्हणाला, पाय चांगला आहे, शिफारस करा. माझ्याकडे मात्र बघेना.

जिंकलो म्हणे. मग क्लच जाळला कोणी? आणि ती पोरगी आली कुठून?

१३ मार्च

हिला काल सगळं सांगितलं. ऐकून खाली बसली. आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय. क्लचचा आणि डोळ्यांचा काय संबंध!

१४ मार्च

काचबिंदू. समोरचं शाबूत, डावीकडचं कडेचं जवळजवळ गेलेलं. हळूहळू जातं, माणसाला पत्ता लागत नाही म्हणे.

दवाखान्याच्या बाकावर ही बोलली. आरोपीसारखा ऐकत बसलो. नात म्हणाली होती, 'आजी, आजोबांना डावीकडची माणसं दिसत नाहीत.' ही म्हणाली, 'तुम्हाला गाडी सोडा म्हटलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंत. म्हटलं, आधी मी शिकते, मग सांगते.' विणकाम कसलं! शिकवायला वरच्या नर्सबाई, माझीच गाडी, मागचा चढ, माझी दुपारची झोप. क्लच हिने जाळला. ओरखडे माझे. रडू आलं, लपवलं नाही.

वर्कशॉपला फोन केला. टायवाला खुशीत – 'काका, कंपनी तयार आहे!' म्हटलं, अर्ज मागे घेतो. पैसे मी भरतो. प्लेट मात्र चांगली घाला, चालवणारी अजून शिकतेय.