आधी दोन घास

आई, मागच्या पडवीला लागून मी एक खोली काढली आणि ती भाड्याने दिली, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. लातूरकडची मुलगी आहे. कम्प्युटरवर काम करते, आठवड्यातून दोन दिवस हिंजवडीला जाते आणि बाकीचे दिवस खोलीत बसून कानाला काहीतरी लावून बोलत असते. आपल्या माले गावात आता अशी बरीच मंडळी आहेत. आपलं खालचं खाचर माझ्या पाठच्या धाकट्याने विकलं. जिथे आंबेमोहोराचा वास सुटायचा तिथे कुणा पुणेकराचा बंगला आहे आणि माळी पाइप धरून गवताला पाणी मारतो. तू चिडशील, म्हणून हे आधीच सांगून मोकळी झाले. पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. ती मुलगी रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन एक प्रश्न विचारते, आणि तो प्रश्न आपल्या घरात आता कुणी विचारत नाही.

फोन नव्हते तेव्हा गावात कुणी गेलं की सोयऱ्यांकडे सांगावा घेऊन माणसं धावायची. सांगावा आणणाऱ्याने उंबरा ओलांडायचा नाही, पाणी प्यायचं नाही, अंगणातूनच सांगायचं आणि मागे फिरायचं. पण सासरी असलेल्या लेकीची आई नाहीतर बाप गेला असेल तर बायका तुलाच धाडायच्या. पुरुषमाणूस धाडकन बोलून मोकळा होतो, म्हणायच्या. एकदा हट्ट करून मीही तुझ्याबरोबर आले. खिंड उतरून आपण कोळवणच्या बाजूला गेलो. आपल्या गावची लेक, त्या घरची सून, चुलीपुढे बसली आहे, काटवटीत पीठ आहे. तिचा बाप सकाळी गेलाय आणि तिला त्याचा पत्ता नाही. तू उंबरा ओलांडून सरळ आत जातेस आणि विचारतेस, "जेवलीस का गं?"

"न्हाई मावशे, आत्ता कुटं तवा ठिवलाय."

"मंग सरक तिकडं. मी थापते, तू खा."

तू तिला गरम भाकरी वाढलीस, वर सुकटाची चटणी. ती हात धुवेपर्यंत म्हशीच्या, पोराबाळांच्या गोष्टी करत राहिलीस. मग तिचे ओले हात धरलेस. ती आपल्याबरोबर खिंड चढून आली, रडत आली, पण चालत आली. आपल्याला उशीर झाला होता. मयताच्या घरचा एक म्हातारा सगळ्यांदेखत तुला बोलला, "मढं खोळंबलंय हितं, आन ही बया तितं भाकऱ्या थापीत बसलीया." तू पदर खोचलास. "आता दोन दिस ती पाण्याला बी शिवायची न्हाई," म्हणालीस, "रडायची ती काय वाऱ्यावर रडंल व्हय?" मला तेव्हा तुझी लाज वाटली होती. लोक बघत होते ना.

सातवीला शाळा सुटली, पुढचं मी घरीच पुस्तकं मिळवून शिकले आणि परीक्षा देत देत दिल्लीला परराष्ट्र खात्यात कारकून झाले, याचं गावाला तुझ्याहून जास्त नवल. तुला विचारायचे, "लेक वकिलातीत हाय म्हनं, मंग आमचा बांधाचा दावा लढंल का?" माझी बदली तेव्हा एका आखाती देशातल्या आपल्या वकिलातीत झाली होती. मोठे साहेब मेजवान्यांना जायचे, करारमदार करायचे. माझ्याकडे वेगळं टेबल होतं. तिकडे मजुरीला आलेला आपला माणूस परांचीवरून पडायचा, कुणी झोपेतच जायचा. त्याचे कागद जमवायचे, परवानग्या मिळवायच्या, पेटी विमानात चढवायची. आणि त्याच्या घरी फोन करून सांगायचं.

पहिल्या रजेवर आले तेव्हा हे सगळं तुला सांगत होते. तू तांदूळ पाखडत होतीस. मी ऐटीत म्हणून दाखवलं की आम्ही कसं अदबीने बोलतो, कळवण्यास अत्यंत दुःख होते वगैरे. तुझं सूप थांबलं.

"आन ती जेवल्यात का, त्ये इचारलंस?"

"आई, सरकारी फोन असतो तो. असलं नाही विचारत."

"मंग तू कशाला हायेस तितं? कागद बी सांगतो की तेवढं."

एवढंच बोललीस आणि पुन्हा पाखडायला लागलीस. मला ते असं लागलं की परत गेल्यावर मी पहिल्याच फोनला विचारलं, "खाना खाया आपने?" समोरून होकार आला तर पुढे बोलायचं, नाहीतर खाऊन घ्या, मी परत करते, असं म्हणायचं. आमच्या साहेबांनी ऐकलं. "मॅडम, ये दूतावास है या ढाबा?" म्हणाले. पण मग उठून त्यांनी स्वतःच माझ्या खोलीचं दार लोटून घेतलं, बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून.

तू गेलीस तेव्हा दुपार होती. टेबलावर डबा उघडलेला, पहिला घास हातात, आणि फोन वाजला. धाकटा पौडच्या बूथवरून बोलत होता. "आक्के, जेवलीस का?"

जन्मात त्याने मला हे विचारलं नव्हतं. फोन केला की तो आधी भांडायचा. मी हातातला घास डब्यात ठेवला आणि म्हणाले, "नाही."

"मंग खाऊन घे. मी करतो परत."

मी डब्याला झाकण लावलं. जोवर मी जेवत नाही तोवर तू आहेस, असं काहीतरी डोक्यात धरून बसले. पुन्हा फोन आला. "जेवलीस?" "नाही रे अजून." मग तो म्हणाला, "आक्के, खा की गं दोन घास. समदी खोळंबल्यात घरी."

मग माझ्याच्याने त्याला अडवून धरवेना. म्हणाले, "आईला माझ्यासाठी ठेवू नका." मला पोचायला दोन दिवस तरी लागले असते, आणि पेटीची वाट बघणाऱ्या घरांचे आवाज मी रोज ऐकत होते. तसं आपल्या घराचं नको होतं मला. तो हमसून रडायला लागला. मी विचारलं, "तू काही खाल्लंस का?"

"सकाळधरनं काय न्हाई."

"मग आधी तिथं वडापाव खा. मग जा घरी."

"व्हय," म्हणाला. खाल्ला की नाही, मी कधी विचारलं नाही.

इतकी परकी माणसं मी घरी पोचवली, आई. प्रत्येक पेटीवर हात ठेवून निरोप दिला. तुझ्यापाशी आले तेव्हा मुळा नदीच्या पाण्यात तुझी राखही राहिली नव्हती. घरात पाऊल टाकल्यापासून मी ज्याला त्याला एकच विचारत सुटले, ती जेवली होती का? चुलती म्हणाली, व्हय, पेज घेतली होती. शेजारीण म्हणाली, छे, तव्यावर भाकरी तशीच होती, करपल्याचा वास आला म्हणून तर आम्ही धावलो. धाकटा तेव्हा खालच्या खाचरात होता, त्याने पाहिलं नव्हतं. तू उपाशी गेलीस की भरल्या पोटाने, हे मला अजून माहीत नाही. सांगू शकणारं आता कुणी राहिलंही नाही.

धाकटा म्हातारा झालाय. रोज काठी टेकत येतो, "काय कालवण केलंय आक्के?" म्हणतो. जेवलीस का, असं त्या दिवसानंतर त्याने मला एकदाही विचारलेलं नाही, आणि मीही त्याला नाही. त्या मुलीला यातलं काही ठाऊक नाही. दिवे लागले की ती दारात येते आणि विचारते, "काकू, जेवलात का?" कसला निरोप घेऊन आली की काय, म्हणून मी आधी तिच्या तोंडाकडे बघते. मी म्हणते, "नाही गं अजून." मग ती वरण-भाताची ताटली घेऊन येते आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहते.

तुला वाचता येत नव्हतं, आलेलं पत्र तू पिठाच्या डब्याखाली ठेवायचीस, म्हणून हा कागदही तिथेच सरकवून ठेवते. आणि एवढं फक्त तुला सांगते, तिला कळू देऊ नकोस. ती विचारते तेव्हा मी जेवलेली असते.