खिडकीतला चमचा

३ मार्च

पुढे कोणी विचारलंच तर पुरावा असावा, म्हणून नोंद करून ठेवतो — माझ्या लिहिण्याच्या खोलीतली खिडकी माझ्या वाईटावर आहे. लावली की जीव गुदमरतो, उघडली की आपटते. आणि आपटते कधी? ऐन वाक्य जमत आलं की! अशा किती वाक्यांचा बळी गेला, त्याची दाद कोणाकडे मागायची? गेली दोन वर्षं फटीत एक लाकडी चमचा ठोकून तिचं तोंड बंद ठेवलं होतं. आज चमचा गायब.

ताईला विचारलं. 'मी कशाला घेऊ?' म्हणाली. म्हणजे तिनेच घेतलाय.

४ मार्च

तिनेच घेतलाय.

ताई माझ्याकडे राहायला आली ती पायरीवरून पडल्यामुळे. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मनगट वळत नाही. चमचा तोंडापर्यंत येतो आणि सगळं मांडीवर सांडतं. मी भरवायला गेलो तर म्हणते, 'ए शहाण्या, मी तुला भरवायचे तेव्हा तू माझ्या अंगावर थुंकायचास. मला ती संधी देऊ नकोस!' तेव्हापासून दार लावून जेवते. ताट अर्धं परत येतं. गालाची हाडं दिसायला लागलीत.

आज ताट चाटूनपुसून स्वच्छ! लाज सोडून दाराच्या फटीतून पाहिलं. हातात खिडकीचा चमचा.

'धुतलास तरी का?'

'तुझी खिडकी नाही धुतली. चमचा धुतलाय.'

आता खरं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय! हा चमचा मी हस्तकलेच्या प्रदर्शनातून आणला होता. 'जरा अभ्यासासाठी नेतो' म्हणून. अभ्यास केला तो असा — पेपरातल्या माझ्या सदरात पाऊण पान, मथळा 'वाकड्या तोंडाचा चमचा'. करणारा तिरळा असावा किंवा चमचा तरी लाजरा असावा, वगैरे. लोक खूप हसले. मी तर सगळ्यांत जास्त.

त्याचं तोंड आतल्या बाजूला वळवलंय ते मनगट वळवायला लागू नये म्हणून! दोन वर्षं नाकासमोर होता. मला कळलं नाही. ताईला एका घासात कळलं.

८ मार्च

चमचा मानेपाशी चिरला. ठोकून ठोकून चीर मीच पाडलेली. ताईने तो धुऊन माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यापेक्षा शिव्या द्यायला हव्या होत्या. दार पुन्हा लागलं.

१० मार्च

शोधत शोधत चमचेवाल्याच्या कार्यशाळेत. एकच खोली, पायाखाली भुसा, भिंतीवर चाकू ओळीने, आणि ज्या हाताने जो उचलायचा त्या हाताशीच तो टांगलेला. माझ्या टेबलावर मला कात्री सापडत नाही.

नाव सांगितलं नाही. चिरलेला चमचा पुढे ठेवला. त्याने मानेला लागलेला हिरवा रंग नखाने खरवडला.

'खिडकी?'

'खिडकी.'

'हा आता करत नाही मी. आईचा हात वळेना, तेव्हा तिच्यासाठी केला होता. वाटलं, असे हात आणखीही असतील. मग पेपरात काहीतरी आलं. लोक स्टॉलवर यायचे, उचलायचे, हसायचे, ठेवून जायचे.'

मी भुशाकडे पाहत राहिलो. मग ताईचं सांगितलं. दाराचंही.

त्याने चिरेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, 'त्यांना जेवताना बघावं लागेल.' आणि निघताना टाकाऊ लाकडाचा तुकडा घेऊन चाकूचे चार फटके मारले. 'ही पाचर. खिडकीला.'

घरी येऊन बसवली. दोन वर्षांची वैरीण, आवाज नाही!

१४ मार्च

चमचेवाला आला. ताई म्हणाली, 'परक्या माणसासमोर मी जेवत नाही.' तो म्हणाला, 'मग मलाही वाढा.' आणि डाव्या हाताने जेवायला बसला. सूप दाढीत, भात सदऱ्यावर, वाटाणे थेट माझ्या चपलेपर्यंत!

ताई हसायला लागली. 'अहो, घास जरा लहान घ्या!' सांगता सांगता स्वतः जेवायला लागली. तिचंही सांडलं. तो फक्त तिचा अंगठा पाहत होता. फूटपट्टी काढली नाही, कागदावर रेघ ओढली नाही.

२२ मार्च

चमचेवाला नवा चमचा घेऊन आला. अर्धा तास मी चमचाच पाहतोय. अंगठ्यापाशी हलका खळगा. खालच्या बाजूला चाकूचे घाव मुद्दाम तसेच ठेवलेत, म्हणजे बोट सरकत नाही. कड ओठासारखी पातळ. कुठे नक्षी नाही, कुठे मिरवणं नाही. माझ्या एका तरी वाक्याला अशी कड आहे का?

ताईने घास घेतला. थेंब सांडला नाही. मग मान वर करून त्याला म्हणाली, 'तुमच्यावर लिहिणारा हाच बरं का. माझा भाऊ.'

धरणी फाटली असती तर पाचर मारून आत बसलो असतो.

'माहीत आहे,' तो म्हणाला. 'लेखावर फोटो असतो की.'

'मग... केलात कसा?' मी.

'हात तुमचा कुठे होता?'

२९ मार्च

सदर छापून आलं. माझ्या फोटोच्या जागी चमच्याचं चित्र, तो तसा का वळलाय ते, आणि कार्यशाळेचा पत्ता. विनोद एकही नाही. सकाळी संपादकांचा फोन — 'तब्येत बरी आहे ना?'

ताई दार उघडं ठेवून जेवली.

४ एप्रिल

चिरलेला चमचा परत द्यायला गेलो. ओट्यावर अकरा नवे, सगळ्यांची तोंडं आत वळलेली. त्याने जुना घेतला, त्यांच्या शेजारी ठेवला.

'झाला अभ्यास?'

'झाला.'