क्लाइव्हची शनिवारची बंदूक

हॉल्मस्टेथ, शुक्रवार, ९ नोव्हेंबर

गाइल्स, दोन वर्षांत तुला एक ओळही पाठवली नाही, त्याची आधी माफी मागते. धाकट्या भावाला लिहायचं तर खरं लिहावं लागतं, आणि खरं वाचून तू धावत आला असतास. मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धीर देतात आणि कागदपत्रं करून ठेवा असंही सांगतात. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी तुला नेमते आहे. कलमं लिहिताना मध्येच तुझ्याशी बोलले तर वकीलबाईंनी रागावू नये.

मी, रॉझलिंड थर्टल, वय सत्तेचाळीस, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की माझं मन ठिकाणावर आहे. हे लिहिताना हात अडला. ज्या घरात एकाचं मन ठिकाणावर नाही तिथे दुसऱ्याने हे ठासून सांगावं, याची लाज वाटते. पण कायद्याला ते लागतं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं माझे पती क्लाइव्ह यांच्या हाती सोपवलं होतं, आणि त्या हातांना आता शर्टाची बटणंही लावता येत नाहीत.

१. घर आणि बचत क्लाइव्हच्या देखभालीसाठी राखून ठेवावी. त्याच्यानंतर जे उरेल ते तुझं.

२. क्लाइव्हची चपटी होडी आणि खऱ्या पक्ष्यांना भुलवायला त्याने हाताने रंगवलेली लाकडी बदकं खाडीवरच्या शिकारी मंडळाला द्यावीत. काचेच्या कपाटात ठेवणार असतील तर देऊ नयेत. ती चिखलात शोभतात.

३. क्लाइव्हची बहीण मॉरीन हिला चिनी मातीची भांडी द्यावीत. तिने माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून ऐकवलं होतं, "तू त्याला मूर्ख बनवतेस. परवाना गेला, बंदुका गेल्या, आणि तू त्याला दर शनिवारी बंदूक घ्यायला नेतेस."

"मग शनिवारी तू बस त्याच्याजवळ," मी म्हटलं.

"शनिवारी माझी कंबर धरते."

भांडी सगळी द्यावीत. राग मनात ठेवून एखादी बशी काढून घ्यावी असं वाटलं होतं, ते मी सोडून दिलं. तिचं म्हणणं मात्र कित्येक दिवस मला कुरतडत होतं, म्हणून पुढचं कलम सविस्तर लिहिते.

४. शनिवारबद्दल. वसंतात पोलिसांनी क्लाइव्हचा परवाना परत घेतला. ते योग्यच होतं. परवाना काढून घ्या म्हणून केलेल्या अर्जावर सही माझी होती. त्याच्या बंदुका आपल्या जुन्या मित्राने, बर्नार्ड पेगने, स्वतःच्या बंदुकांच्या दुकानात नेऊन विकल्या. पुढच्या शनिवारी क्लाइव्ह टोपी घालून दारात उभा. रानहंस यायच्या आत बंदूक घ्यायला हवी, म्हणाला. मी नेलं. तेव्हापासून दर शनिवारी जातो.

"या क्लाइव्हराव," बर्नार्ड म्हणतो. "ही बघ, नक्षीकाम काय सुंदर."

"नक्षी चिखलाला दाखवू? खारं पाणी एका हिवाळ्यात खाऊन टाकेल. साधी काढ. लांब काडतुसाची."

"ही घे, फुलासारखी हलकी."

"हलकी बंदूक लाथ मारते, लेका. दुकान तुझं आहे की माझं?"

शिशाचे छर्रे बंद झाले, पोलादी छऱ्याला जुनी नळी चालत नाही, हे सगळं त्याला पाठ आहे. माझं नाव तेवढं नाही. शेवटी तो नेहमी तीच निवडतो: काळ्या दस्त्याची, स्वतःच पुढचं काडतूस भरणारी, कमी धक्क्याची. बर्नार्ड म्हणतो, "साफ करून ठेवतो, मंगळवारी ने." दोघे हात मिळवतात. मग आम्ही धक्क्यावर तळलेला मासा खातो, आणि मंगळवार कधी येतो ते त्याला कळत नाही.

गेल्या शनिवारी त्याने खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यावरून बोट फिरवलं. "लांब आहे."

"तुझ्या हाताला बरोबर आहे की," बर्नार्ड म्हणाला.

"माझ्या नाही रे. बायकोसाठी घेतोय." तो कधी नव्हे तो सलग बोलला. "तिला एक घेतली होती, जुलैत. पातळ शर्टावर माप घेतलं, मी गाढव. जानेवारीत दोन स्वेटर, वर जाड कोट. दस्ता काखेत अडकायचा. हंस डोक्यावरून गेले, हिची बंदूक वर येईना. म्हणाली, मला जमत नाही. पुन्हा आली नाही खाडीवर. तिला जमत होतं, बर्नार्ड. माप चुकलं होतं."

गाइल्स, आजवर मी समजत होते की माझ्यातच नेम धरायची नजर नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही साधारण तिच्याच अंगाच्या आहात. जरा खांद्याला लावून दाखवता?"

बर्नार्ड आधीच पुसलेली काच पुसायला लागला. मी बंदूक उचलली. क्लाइव्हने माझं कोपर जरा वर केलं, गाल दस्त्याला टेकवला, समोर येऊन माझ्या डोळ्यात पाहिलं. "बोटभर कापावा लागेल," म्हणाला. "पण तिला सांगू नका हं. घरी अजून ठाऊक नाही."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

ही फसवणूक आहे का, हे मी स्वतःला रोज विचारते. असेलही. पण ती मी त्याची करते की तो मला काही देतो आहे, हे आता मला नक्की सांगता येत नाही. म्हणून अशी व्यवस्था करते: ती बंदूक माझ्या बचतीतून विकत घ्यावी आणि बर्नार्डच्या दुकानात, त्याच्याच ताब्यात राहू द्यावी. क्लाइव्ह टोपी घालेल तोवर तू त्याला दर शनिवारी तिथे न्यावंस. मी गेले हे त्याला सांगू नये. दर वेळी त्याला ते नव्यानेच ऐकावं लागेल. त्याने विचारलं, तर बायको घरी आहे म्हणावं.

५. बर्नार्डला माझी सगळी पुस्तकं. तो वाचणार नाही, पण नाही म्हणणार नाही. त्याच्या नावे काही ठेवल्यामुळे त्याला साक्षीला बोलावलं नाही.

सही: रॉझलिंड थर्टल
साक्षीदार, दोघेही समक्ष हजर: ग्वेन बॅल्डरी, शेजारीण; नाइजल फेक, चर्चचे घंटावादक
स्थळ: हॉल्मस्टेथ. तारीख वरीलप्रमाणे.

उद्या: दोन स्वेटर आणि जाड कोट घालून दुकानात जाणे.