लोणच्याची म्हणून आणलेली बरणी

५ मार्च
बरणी फुटली. फुटली कसली, मी फोडली. सकाळच्या गारठ्यात काचेत उकळतं पाणी ओतलं. जन्मभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलं आणि हे दिवे लावले. सुमन असती तर ओरडली असती, "कोमट हो मास्तर, कोमट!" ती जाऊन चार महिने झाले. परसातली तिची द्राक्षाची वेल बुंध्यापासून वाळत चाललीय, हा शेवटचा माल. दरवर्षी दोघं मिळून वाइन घालायचो. यंदा एकट्याने घालणार होतो.

७ मार्च
तासगावात मोठी काचबरणी नाही. सगळीकडे प्लॅस्टिक. दुकानदार म्हणाला, "सर, आता काच कोण घेतंय? लय झंझट." सु.ला प्लॅस्टिक चालायचं नाही. वास लागतो म्हणायची.

८ मार्च, सांगली
भंगाराची तीन दुकानं पालथी घातली. एका बरणीच्या तळाला अ‍ॅसिडचा पिवळा थर. दुसरीला तडा. शेवटच्या दुकानदाराला माझी दया आली असावी. "कुंडलला आमच्या आक्का हायत, त्यांच्याकडं हाय बगा. पर देत्याल का न्हाई..."
घरी आलो तर काढून ठेवलेल्या द्राक्षांवर चिलटं. काढायची घाई केली. जिथं तिथं माझी घाई नडते.

९ मार्च
कुंडल. आक्का सत्तरीच्या. कशाला पायजे, म्हणाल्या. वाइन म्हटली की गावाच्या लेखी दारूच. म्हणालो, लिंबाच्या लोणच्याला. कसं तोंडातून गेलं...
पदराने पुसून दिली. पैसे घेईनात, फोन नंबर तेवढा लिहून घेतला. "परत आणताना रिकामी आणू नगा मास्तर. चार फोडी घाला. रिकामं भांडं देत न्हाईत."
मग उंबऱ्यात उभ्या राहून, सहज: "ह्यातलं लोणचं माझ्या लेकाला लय आवडायचं. दारूनं न्हेलं त्येला."
बरणी तेव्हा माझ्या हातात होती. बोलायला हवं होतं. एसटीत मांडीवर धरून आणली.

१० मार्च
द्राक्षं कुस्करली, एवढं एक जमलं. रस स्टीलच्या पातेल्यात. कुस्करता कुस्करता रडू आलं, थांबेना. बरणी धुतली, कोमट पाण्याने. पण ओतवेना.

१२ मार्च
रसाला आपोआप फेस आलाय. वास अगदी दरवर्षीचा, घरभर. सु. स्वयंपाकघरात आहे असं वाटून दोनदा आत गेलो. असाच उघडा राहिला तर वाइनऐवजी व्हिनेगर होऊन वाया जाणार. फार तर उद्यापर्यंत टिकेल. मग तिचं काहीच उरत नाही.
संध्याकाळी आक्कांचा फोन. "मास्तर, घातलंसा का लोणचं?"
"घातलं," म्हणालो.
"मुरू द्या गा. घाई करू नगा."
फोन ठेवला आणि स्वतःची शिसारी आली. दुपारी बाजारातून दोन किलो लिंबं आणलीत. काय ठरवून आणली...
ओट्यावर एका बाजूला लिंबं, एका बाजूला पातेलं. मधे बरणी, पुसून कोरडी.