तेझेकबायने मागे घेतलेला शब्द

मी, तेझेकबाय, बापाचे नाव मोल्दोबाय, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा खोगिरे करणे, राहणार मौजे सारी-ताला, नारिन प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही; दडपण आणायला घरात कोणी उरलेलेच नाही.

कलम पहिले, नावाबद्दल. गावच्या कचेरीतली मुलगी मला म्हणाली, "आजोबा, कागदावरचं खरं नाव सांगा ना." म्हटले, "बाई, हेच खरं." तेझेक म्हणजे चुलीत घालायची वाळकी गोवरी. माझ्या आधी आईची सहा मुले गेली. मी जन्मलो तेव्हा ती म्हणाली, "शेणाकडे कोण कशाला वाकून बघतंय?" आणि हे नाव ठेवले. शाळेत हजेरी घेताना मास्तर माझ्या नावाशी आले की आधी खोकत. फौजेत गेलो तर तिथल्या रशियन हवालदाराला नाव जमेना, त्याने मला दोन वर्षे तोल्या करून टाकले. पुढे ओळखपत्राच्या वेळी साहेबीण म्हणाली, "तेमिरबेक लिहू का? छान दिसेल." मी म्हणालो, "तेमिरबेक नावाचे चौघे कब्रस्तानात झोपलेत, तेझेकबाय अजून एकही नाही." हे उत्तर मी जन्मभर मिरवले. ते पुढे मला भोवले, तेही सांगणार आहे.

कलम दुसरे. राहते घर, चार खोल्या, मागचे अंगण व गोठा, हे सर्व माझा एकुलता एक मुलगा कुबात याचे. चूल धूर मागे टाकते, दुरुस्त करून घ्यावी. त्या चुलीपाशी माझी बायको सायराकान एकेचाळीस वर्षे बसली. आमच्यात बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, मग गोवरीला गोवरी तरी कशी म्हणणार? "अहो, चुलीतलं ते संपलंय, थोडं चुलीतलं ते आणा," असे म्हणायची. पाहुणे हसायचे. एकदा मी तिला चिडवले, "घे ना नाव एकदा, कोण ऐकतंय?" तर म्हणाली, "घेतलं आणि तुम्ही गेलात तर? मग चुलीत काय घालू?" शेवटी तीच आधी गेली. सून गुलझात शहरातली, तीही आल्या दिवसापासून 'चुलीतलं ते' म्हणू लागली. पोरगी गुणाची आहे. हे मी तिला कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम तिसरे. आऱ्या, रापी, दाभणे आणि खोगिराचे लाकडी साचे शेजारच्या एशिमला. हात जड आहे, पण टाका सरळ पडतो. बाजारातला खोगीरवाला ओरोझाली चाळीस वर्षे मला पाहून ओरडत आला, "गोवरी आली रे, चूल पेटवा!" साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे कचेरीतल्या मुलीने सांगितले, म्हणून ओरोझालीला मी मुद्दाम साक्षीदार केले आहे.

कलम चौथे. कबरी घोडी माझ्या मयतीच्या जेवणाला कापू नये. लोक नावे ठेवतील, ठेवू देत. बाजारातून दुसरी आणून कापावी. ही घोडी माझ्या नातीची. नातीचे नाव पुढच्या कलमात येईल.

कलम पाचवे. हे लिहायला तीन दिवस गेले.

नऊ वर्षांपूर्वी कुबातला मुलगा झाला. मी म्हणालो, "नाव साधं ठेवा, ओबडधोबड ठेवा, कोणाच्या डोळ्यात येणार नाही असं." कुबात हसला. "बाबा, पोराने शाळेत मार खायचा का तुमच्यासारखा? मोबाईलचा जमाना आहे!" नाव ठेवले अलीनूर. मला ते नाव फार आवडले होते, हेही मी बोललो नाही.

अलीनूर चार वर्षांचा असताना डोक्यात ताप चढून तीन दिवसांत गेला. डॉक्टरांनी होते नव्हते ते सगळे केले. माती देऊन परतल्यावर, याच अंगणात, सगळ्या गावासमोर मी कुबातला म्हणालो, "सांगितलं होतं मी. एवढं गोंडस नाव ठेवलंत, मग नेणारा त्यालाच नेणार ना!"

कुबातने हातातले फावडे भिंतीला टेकवले, गुलझातला धरून गाडीत बसवले आणि गेला. त्याला पाच वर्षे झाली. पुन्हा आला नाही, फोन नाही. फावडे अजून तिथेच टेकलेले आहे.

आता जे लिहितो ते कुबातला ठाऊक नाही. अलीनूर जाण्याच्या दोन वर्षे आधी माझी आत्या बुबुसारा मरायला टेकली होती. तिने मला जवळ बोलावले आणि म्हणाली, "मोठा नावाचा तोरा मिरवतोस. तुझ्या आधीच्या भावाचं नाव माहिताय? कुचुक. कुत्र्याचं पिल्लू. तुझ्या आईने त्यालाही तसंच लपवलं होतं. आठ महिन्यांचा होऊन गेला. नावाने कोणी वाचत नाही रे बाबा. तू वाचलास, कारण तू वाचलास."

म्हणजे हे मला माहीत होते. अंगणात तोंड उघडले तेव्हा पुरते माहीत होते. तरी बोललो. नातू गेला होता, छाती फुटत होती आणि कोणाला तरी मारल्याशिवाय मला उभे राहवत नव्हते. समोर पोटचा पोर होता, त्याला मारले. आणखी एक खरे सांगतो. नावात काही नसेल, तर सहा जण जाऊन मीच का राहिलो, याचे उत्तर माझ्याकडे उरत नव्हते. ते उत्तर सोडवेना, म्हणून मी मुलगा सोडला.

गेल्या महिन्यात आमची निवृत्त नर्स मायरामकान शहरातून आली. कुबातकडे जाऊन आली होती. त्याला मुलगी झाली आहे, तीन वर्षांची, हे मला तेव्हा कळले. मी विचारले, "कशी आहे?" ती म्हणाली, "दादा, पोर चांदण्यासारखी आहे. पण कपाळाला काजळी फासलेली, अंगात फाटका झगा. घरात चांगले कपडे असून! आणि हाक काय मारतात, तर कुचुक. दवाखान्याच्या कार्डावर आयपेरी लिहिलेलं दिसलं, म्हणून मी मोठ्याने म्हटलं, 'अगंबाई, आयपेरी! किती गोड!' तर कुबात धावत आला. म्हणतो, 'मावशी, हळू. हळू बोला.'"

माझा कुबात. अभियंता. मोबाईलचा जमाना म्हणणारा. माझ्या एका वाक्याने त्याची ही दशा केली. आणि निवडून नाव घेतले ते, त्याला न कळता, माझ्या मेलेल्या भावाचे.

तरी सदर मृत्युपत्रान्वये माझे शेवटचे सांगणे असे. कुबात, अंगणात बोललेला शब्द मी मागे घेतो. तो खोटा होता आणि खोटा आहे हे जाणून मी बोललो. अलीनूर तुमच्यामुळे गेला नाही. कब्रस्तानात माझ्या आईच्या पायाशी एक लहान, खचलेला उंचवटा आहे, तो कुचुकचा. मायरामकान दाखवील. बघ, आणि ते नाव तिथेच ठेवून ये.

मयतीच्या दिवशी, मला उचलण्याआधी, आयपेरीचे तोंड धुवावे, चांगला झगा घालावा. त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर तिला तिच्या नावाने तीनदा मोठ्याने हाक मारावी. भिऊ नये. मी तिथेच, मयतीसाठी उभारलेल्या तंबूत आडवा असेन. ते नाव ऐकून काही आलेच, तर आधी त्याला माझ्यावरून जावे लागेल.

घर तुला मिळायला ही अट नाही. घर तुझेच आहे. ही विनवणी आहे.

दगडावर माझे पूर्ण नाव कोरावे. तेमिरबेक करू नये.

ठिकाण सारी-ताला, दिनांक १४ ऑक्टोबर २०१९.
सही: तेझेकबाय, मोल्दोबायचा सातवा

साक्षीदार १: मायरामकान, निवृत्त नर्स. माझ्यासमोर वाचून सही केली.

साक्षीदार २: ओरोझाली, खोगीरवाला. वरील सर्व ऐकले. त्या दिवशी अंगणात मीही होतो आणि गप्प बसलो होतो. हाक मारताना कुबातला आवाज फुटला नाही, तर मी मारीन. बाजारात ओरडून ओरडून माझा आवाज मोठा झालेला आहे.