ह्यांची तहान

श्री
कर्वेनगर, पुणे
ता. १४ मार्च २००५

ती. कुसुमअक्कास मुक्ताचा सा. न. वि. वि.

ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं. जिवंत आहेत. आधी एवढं वाच, मग रडायचं तर रड. माझ्या दीपाने तुझ्या शेजारच्या हिराकडे फोन केला होता, पण तू नुसतं हो हो म्हणालीस आणि तुला काही ऐकू आलं नाही, असं हिरा सांगत होती. म्हणून हे पत्र. फोनवर तुझ्यासाठी ओरडून माझाच घसा जातो.

गाठ मेंदूच्या तळाशी होती, नाकाच्या वर. नाकातूनच काढली. कंपनीची बस हिंजवडीला नेताना ह्यांना बाजूच्या स्कूटरी दिसेनाशा झाल्या होत्या, ते ह्या गाठीपायी. मी मेली चष्मा करा, चष्मा करा म्हणून भांडत होते. आता दिसतं, पण बस पुन्हा हातात देणार नाहीत. स्वारगेटला मकबूलभाईंचं सीटकव्हरचं दुकान आहे, ह्यांची जुनी दोस्ती. बरं वाटलं की तिथं बसा म्हणाले.

एक भलतंच होऊन बसलंय. ह्यांना तहान लागत नाही. कमी लागते असं नाही, लागतच नाही. जीभ सुकून खापरीसारखी झाली तरी माणूस शांत बसून राहतो.

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. माझी शाळा चौथीतच सुटली, तरी समजलं. रक्तात मीठ वाढलं की मेंदूच्या तळाशी बोराएवढी जागा आहे, तिला आधी खबर लागते. ती किडनीला सांगते, पाणी सोडू नको. तोंडाला सांगते, कोरडं पड आणि मागायला लाग. कातडी, काळीज, रक्ताच्या नळ्या, सगळे एकमेकांना निरोप देत असतात. जो तो आपलंच काम करतो, पण दुसऱ्याचं ऐकून करतो. मी म्हटलं, बाई, असं घर मी तरी पाहिलं नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, ह्यांच्या घरातला निरोप्याच गेला. किडनीला सांगायला नाकात मारायचा फवारा दिलाय. तोंडाला सांगायला औषध नाही. ते काम तुमचं. गजर लावायचा आणि मापून पाणी द्यायचं. कमी झालं तर भ्रम होईल, जास्त झालं तर मेंदू सुजेल. रोज सकाळी वजनकाट्यावर उभं करायचं.

म्हणजे आता मी ह्यांची बायको आणि ह्यांची तहानही. पगार दोन्हीचा नाही.

तुझ्या गुडघ्यांना तेल चोळ. लोभ आहेच, तो कमी करू नको.

तुझी,
मुक्ता

---

दिग्रस
ता. २६ मार्च २००५

चि. सौ. मुक्तास अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि देवापुढे दिवा लावला. शंभूराव वाचले, बाकीचं पाहता येईल. माणसाला तहान नाही हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. हिराला वाचून दाखवलं तर तिच्या अंगावर काटा आला. म्हणे, भूक नाही, झोप नाही असं ऐकलं होतं, पण तहान मेलेल्या माणसालाच नसते. मी तिला चूप केलं.

तू गजर लाव, पण गजरासारखी खेकसू नको. लहानपणी मला ताप आला की तू शेजारी येऊन निजायचीस आणि संध्याकाळी तुझंही अंग तापायचं. आई म्हणायची, हिला दुसऱ्याचं दुखणं आपलं करायची हौस. ती हौस आता कामाला येईल.

दीपाला रात्रपाळी सोडायला सांग. अमेरिकेतल्या लोकांची बिलं पोरीने रात्री जागून काहून पाहायची, मला समजत नाही. तिला माझा पापा.

तुमची खुशाली आली की मी खुशाल.

अक्का

---

कर्वेनगर, पुणे
ता. १९ मे २००५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हे पत्र हिराला वाचून दाखवू नको.

हे आता दुकानात जातात. मकबूलभाईंना मी गजराचं घड्याळ देऊन ठेवलंय. मागच्या आठवड्यात दुपारी मी भांडी घासत होते, एकदम तोंड सुकलं. माठातलं पाणी प्याले, परत प्याले. पाणी पोटात जात होतं, पण घशाला कळत नव्हतं. कोरड्या रस्त्यावर पाणी मारावं आणि रस्ता तसाच राहावा, तसं. घाबरून दुकानात फोन लावला. मकबूलभाई म्हणाले, भाभी, गिऱ्हाईक होतं, गजर बंद केला आणि पाणी द्यायचं राहूनच गेलं. मी म्हटलं, आत्ता द्या. फोन तसाच कानाला धरून उभी राहिले. पलीकडे ह्यांनी पेला तोंडाला लावला असेल नसेल, अक्का, इकडे माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मला वाटलं साखर झाली. सदाशिव पेठेत जाऊन रक्त तपासलं. साखर नाही. तिथला पोरगा म्हणाला, काकू, उन्हाळा आहे. पुण्यातली माणसं उगाच हुशार.

मग परत झालं, आणि परत. दर वेळी तेच. हे उन्हात बसले की ब्लाऊज माझा भिजतो. ह्यांचं अंग कोरडंच. आता मी गजर लावायचंच सोडलंय. गजर चुकतो, माझा घसा चुकत नाही. घसा सुकला की घरात असतील तर पेला देते, दुकानात असतील तर फोन करते. सकाळी वजन बरोबर भरतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान सांभाळलंय. खरं सांगितलं असतं तर मलाच ॲडमिट केलं असतं.

भीती कसली वाटते सांगू? हे आता पेल्याकडे बघत नाहीत. माझ्या तोंडाकडे बघतात. जेवताना मध्येच थांबून बघत बसतात, दाढी करताना आरशात बघावं तसं. मी ओठांवरून जीभ फिरवली की ह्यांचा हात पेल्याकडे जातो. दीपाने पाहिलं, ताटावरून उठून गेली. म्हणाली, आई, तुम्ही दोघं एकच माणूस असल्यासारखे दिसता, मला जेवण जात नाही.

माझी स्वतःची तहान कुठली आणि ह्यांची कुठली, हे आता मला ओळखू येत नाही. तुला काही सुचत असेल तर लिही. थट्टा करायची असली तर पोस्टकार्ड वाचव.

तुझीच,
मुक्ता

---

दिग्रस
ता. २२ ऑगस्ट २००५

चि. सौ. मुक्तास अ. उ. आ.

गुडघे आणि पेरणी, दोन्हींमुळे उशीर झाला. रागावली असशील तर अर्ध्यात निवळ.

थट्टा करायची नाही म्हणतेस, पण मी करणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याचं ऐकायची नाहीस, आता त्याची किडनीसुद्धा तुला ऐकू येते. बरंच आहे की. ध्यान लागलं म्हणजे माणसाला होतं असं. तान्हं पोर रडायच्या आधी आईला पान्हा फुटतो, तसं समज आणि गप्प राहा.

आता कामाचं. ऑपरेशनच्या दिवशी मी देवीपुढे बोलून बसले आहे की शंभूराव वाचले तर माझी मुक्ता औंदा हरतालिका निर्जळ धरील. तू दर वर्षी चहा ढोसतेस आणि फराळाच्या नावाखाली जेवतेस, मला माहीत आहे. ह्या वेळी थेंबसुद्धा नाही. आणि कुरकुरलेलं तोंड करून फिरू नको. उपासाची तहान नवऱ्याला दिसली की पुण्य जातं, असं आई सांगायची. त्यांच्याच आयुष्यासाठी आहे. माझा शब्द गेलेला आहे, तो राख.

दीपाला आशीर्वाद. घरच्यांची माया तुझ्यावर आहे तशी आहे.

अक्का

---

कर्वेनगर, पुणे
ता. २४ सप्टेंबर २००५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हे घरी आहेत, बोलतात, चालतात. हे आधी लिहिलं म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

हरतालिका निर्जळ धरली. सकाळी ह्यांच्याजवळ तांब्या भरून ठेवला, पीत राहा म्हणून सांगितलं आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये पूजेला गेले. दीपा पाळीवरून येऊन निजली होती. वाळूची पिंड होईतो माझा घसा पेटला. बायका म्हणाल्या, पहिलाच निर्जळ ना, होतंच असं. मलाही तेच वाटलं. दुपारी ओठ फुटले, आरती म्हणताना आवाज उमटेना, डोळ्यांपुढे पिवळं आलं. जितकी तहान जास्त, तितका उपास कडक, असं मनात म्हणत राहिले. अक्का, ती उपासाची तहान नव्हतीच. ती ह्यांची होती. माझा घसा दिवसभर ओरडत होता आणि मी त्याला पुण्य समजून दाबत होते.

मधे मी घरी येऊन गेले होते. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. तू लिहिलं होतंस म्हणून तोंड हसरं ठेवलं, जीभ हलू दिली नाही. म्हणून हेही प्याले नाहीत. दिवेलागणीला मी आले तर हे भिंतीशी बोलत होते, मला आई म्हणत होते, आणि तांब्या काठोकाठ भरलेला. मी दीपाला हाका मारून उठवलं, ह्यांना रिक्षात घातलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात मीठ फार चढलंय. भराभर पाणी दिलं तर मेंदू सुजेल, हळूहळूच उतरवायचं. मी उपास तिथंच मोडला, वॉर्डातल्या नळाखाली. पीत गेले, उपयोग शून्य. मग सलाईन सुरू झालं. मी डोळे मिटून बसले होते. नळीत थेंब पडला की माझ्या घशात एक थेंब पडायचा. न बघता मी सांगू शकत होते, आता पडला, आता पडला.

तुझ्या नवसाला दोष देत नाही. देते थोडा. पण गजर मी सोडला होता, तू नाही.

हे शुद्धीवर आले, मला नावाने ओळखलं, आणि त्याच क्षणी माझी तहान गेली. भागली नाही, गेली. पाहुणी बाई पदर सावरून उठून जावी तशी. तेव्हापासून मलाही लागत नाही. वरण खारट झालं, कळलं नाही. माठ भरते आणि त्याच्याकडे बघत राहते, हे कशासाठी भरतो म्हणून. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, काही सापडलं नाही.

आता पुन्हा गजर आहे. वाजला की दोघं पितो, औषधासारखं. पण परवा गजर वाजत होता आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. हे वाट बघत होते माझी, मी ह्यांची. गजर वाजून वाजून थकला. दीपाने झोपेतून उठून शिव्या घातल्या, पेले हातात दिले, तेव्हा हललो. दसऱ्यानंतर तिला कंपनी हैदराबादला ट्रेनिंगला पाठवते आहे. जाऊ नको म्हणायला माझी जीभ वळत नाही. सगळे निरोपे आपापल्या कामाला जातात.

तुझा हात डोक्यावर असू दे.

मुक्ता

---

दिग्रस
ता. १७ ऑक्टोबर २००५

चि. सौ. मुक्तास अ. आ.

कालपासून मला तहान लागली आहे.

आधी वाटलं मिरच्या निवडल्या, त्याची धग असेल. माठ संपवला. विहिरीवर जाऊन दोराने पाणी काढलं आणि बादलीलाच तोंड लावलं. पोट टम्म झालं, जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. तू लिहिलं होतंस, घशाला कळत नव्हतं. तेव्हा मी हसले होते.

हिराला तुझ्याकडे फोन लावायला लावला. घंटा वाजते म्हणे, कोणी उचलत नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दीपा हैदराबादला पोचली असेल. मकबूलभाईंचा नंबर आमच्यापैकी कोणाकडे नाही. तू बाजारात गेली असशील, असं हिरा म्हणते. मी तिला सांगितलं नाही की ही तहान एकाची नाही. एकाची असती तर एवढ्या पाण्याने थोडी तरी भागली असती.

मी पुण्याची गाडी धरते आहे. हे पत्र इथं स्टँडवरच्या पेटीत टाकते. गाडी वाटेत अडकली आणि माझ्या आधी ते पोचलं तर पुढचं वाचत बसू नको. उठ. माझ्या तोंडाकडे बघितल्यासारखं कर, मी जीभ ओठांवरून फिरवते आहे असं समज. आधी त्यांना दे, मग तू पी.

तुझी,
अक्का